प्रमाण, दिशा, सूची

३ मार्च

दादास,

नमस्कार. यापुढे काय लिहायचं असतं ते मी विसरले. नऊ वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस, तेव्हा क्षेमकुशल विचारायचं नाटक आपल्या दोघांनाही जमणार नाही. कामाचं तेवढं लिहिते.

सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याला कामावरून उचलून नेलं. इस्पितळासमोरच्या चौकात हे चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरले होते, हातात व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी. चौघे आले आणि वर या म्हणाले. ह्यांना वाटलं, कोणाच्या तरी घरी पाणी आलं नाही म्हणून भांडायला आलेत. पाच मिनिटं थांबा, एवढा व्हॉल्व्ह बंद करतो, म्हणाले. ते थांबले नाहीत. व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिला आणि खालच्या रस्त्यावर दुपारपर्यंत पाणी वाहत होतं.

त्या दुसऱ्या शहरात मागच्या महिन्यात पाण्याची टाकी उडवली, तेव्हापासून पाणीखात्यात सगळ्यांची कपाटं तपासताहेत. ह्यांच्या कपाटात नकाशा सापडला. कुठली वाहिनी कुठून जाते, कुठल्या व्हॉल्व्हवर कुठली वस्ती आहे, दुरुस्तीच्या वेळी आधी काय बंद करायचं आणि मग काय, सगळं त्यात आहे. असा नकाशा खासगीत बाळगणं हा सुरक्षा कायद्यात धोका धरतात म्हणे.

आता तुला का लिहितेय ते सांगते. ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा कसा आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? त्यात नदीसुद्धा उलटी वाहते. हे नवे लागले तेव्हा अभियंता तू होतास. तूच म्हणालास, "तो भिंतीवरचा चुलीत घाल. रोज हिंडतोस ना, स्वतःचा काढ." हे वाक्य ह्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की तू विसरलास तरी मी विसरणार नाही. मी एक वकीलबाई गाठल्यात, त्या म्हणतात, साहेबांच्या सांगण्यावरून काढला असं सिद्ध झालं तर तो कामाचा कागद होतो. तुझ्या चार ओळी आणि सही, एवढंच पाहिजे.

नकाशा सगळा ह्यांच्याच हातचा आहे. माझा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे माझ्या नोकरीची काळजी करू नकोस. म्हणजे करत असशील तर.

तुझी धाकटी बहीण
(अजून आहे असं धरून)


१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. साडेतीन ओळी. "कायदा आपलं काम करील. चौकशीत सहकार्य करावे. कर नाही त्याला डर कशाला." खाली पूर्ण नावानिशी सही, जशी काही मी तुझी कंत्राटदार आहे. पाकीट आधी कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवलं होतं. माझ्या आधी कोणी वाचलं असेल त्याचीही निराशाच झाली असणार.

कायदा काय काम करतोय ते ऐक. माणसाला पकडलं की चोवीस तासांत न्यायाधीशासमोर न्यायचं, कशासाठी पकडलं ते सांगायचं, वकील मिळू द्यायचा. हे मी सातवीच्या वर्गाला चौदा वर्षं फळ्यावर लिहून देतेय. ह्यांच्या बाबतीत यातलं काहीच लागत नाही, कारण ह्यांनी काही केलंय असं सरकार म्हणतच नाही. पुढे काही करतील, अशी शंका आहे. शंकेवर एक वर्ष ठेवता येतं. हुकुमाचा कागद दिला त्यावर कारणांच्या जागी लिहिलंय की कारणं उघड करणं सार्वजनिक हिताचं नाही. आणि खाली लिहिलंय, या कारणांविरुद्ध म्हणणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे. मी वकीलबाईंना विचारलं, जे सांगितलंच नाही त्याला उत्तर काय द्यायचं? त्या चष्मा पुसत बसल्या.

आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्कांचं प्रकरण अडीच पानांचं आहे. शेवटी बारीक टायपात चार ओळी येतात, की देशाच्या सुरक्षेसाठी या हक्कांवर बंधनं घालता येतील. त्यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही, म्हणून मी "घरी वाचा" म्हणून पुढे जायचे. मी स्वतःही घरी वाचल्या नव्हत्या. अडीच पानं आपल्यासाठी शोभेची होती, दादा. कारभार त्या चार ओळींवर चालतो.

आणि तुला बोलतेय खरी, पण सहा वर्षांपूर्वी हा कायदा झाला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले होते, बरं झालं, वचक पाहिजेच. कर नाही त्याला डर कशाला हे तर मी वर्गात सुविचार म्हणून लिहिलं होतं. तुझ्या पत्रात ते वाचलं आणि कोणीतरी माझंच अक्षर मला दाखवल्यासारखं झालं. म्हणून जास्त संताप झाला.

तू म्हणशील, तिकडे टाकी उडवली त्यात माणसं मेली. मेलीच. मीही दोन दिवस नळाचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. पहारा नको असं कोण म्हणतंय? पण पहारेकऱ्याला "याला का धरलंस?" विचारणारा कोणीतरी हवा की नको?

भेट दहा मिनिटांची असते. मध्ये जाळी, बाजूला घड्याळ घेतलेला शिपाई. ह्यांनी आधी काय विचारलं असेल? माझी तब्येत नाही, घरचं नाही. "जावयाला तेल घातलं का कोणी?" म्हणाले. शिपायाने लगेच वहीत लिहून घेतलं. व्हॉल्व्हना नंबर आहेत, पण ह्यांनी सगळ्यांना नावं ठेवलीत हे तुला माहीत नसेल. शाळेजवळचा तो जावई, मान दिल्याशिवाय फिरत नाही. बाजारातली म्हातारी, सदा कुरकुरते आणि गळते. आणि टाकीखालचा जो काही केल्या वळत नाही, तो सासूबाई. तो आपल्या आईवरून आहे, हे तुला सांगायला नको. ही सगळी नावं नकाशावर आहेत आणि चौकशी अधिकाऱ्याला ती माणसं वाटतात. परवा घरी येऊन मला विचारत होता, सासूबाई कुठे राहतात, शेवटच्या कधी भेटल्या. मी म्हटलं, त्या वारल्या. त्याने लिहिलं, "मयत असल्याचे सांगितले जाते."

हसू येतं ना? मलाही आलं. त्यानंतर बराच वेळ रडले.

शहराचं काय झालंय ते ऐकून घे, तुझं खातं होतं ते. ह्यांच्या जागी नवा माणूस दिलाय आणि हातात भिंतीवरचा नकाशा. उत्तरेकडे नऊ दिवस नळ कोरडे आहेत आणि इस्पितळाच्या तळघरात पाणी शिरलंय.

तुझी बहीण


८ एप्रिल

दादा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. वकीलबाईंना तुझ्या गावच्या कोर्टात काम आहे, त्या हातात देतील. वाचून झालं की काय करायचं ते तुझं तू ठरव.

वकीलबाईंना फाइलमधली काही पानं मिळाली. सगळी नाहीत, जी दाखवणं सार्वजनिक हिताचं आहे तेवढीच. त्यात एका निवृत्त अभियंत्याचा अभिप्राय आहे. तारीख एक मार्च. म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी तुझ्या घरी येऊन, नकाशा तुझ्यापुढे पसरून, तुझं मत घेऊन गेले होते. साडेतीन ओळींत तुला हे लिहिता आलं नाही.

"सदर नकाशा अचूक व प्रमाणबद्ध असून कार्यालयीन नकाशापेक्षा सरस आहे. जाणकार व्यक्तीस यावरून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा खंडित करणे शक्य आहे." तुझीच भाषा. खोटं काही नाही त्यात. कोणी सांगितलं म्हणून काढला, एवढं मात्र तू लिहिलं नाहीस. विचारलं नसेल, मान्य. पण विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं ही सवय तुला कधीपासून लागली? माझ्या लग्नाच्या वेळी तर कोणी न विचारता तू तासभर बोलला होतास. माझ्या हाताखालचा माणूस माझ्या पंगतीला बसणार नाही, असं म्हणालास आणि उठून गेलास.

मी हे भेटीत ह्यांना सांगितलं. वाटलं, आता तरी चिडतील. जाळीला नाक लावून म्हणाले, "साहेबांनी अचूक लिहिलं? सरस लिहिलं?" मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. चौदा वर्षं हा माणूस तुझ्या तोंडून एक बरा शब्द निघायची वाट बघत होता आणि तो निघाला तो ह्या कागदावर. चेहरा असा फुलला की मला जाळीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आता माझं. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. नकाशा माझ्या हातचा आहे.

ह्यांनी काढला होता तो जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर, पेन्सिलीने. वेड्यावाकड्या रेघा, जिथे आठवलं तिथे गोल, टाकी बाजारापेक्षा मोठी. त्यांना तो पुरत होता. दुसऱ्या कोणाला त्यातून पाण्याचा थेंब सापडला नसता. मीच म्हटलं, आणा इकडे, हा काय नकाशा झाला? सुट्टीत तीन आठवडे बसून मी तो आखीव कागदावर उतरवला. हे रोज संध्याकाळी येऊन दोन खांबांमधली पावलं सांगायचे आणि मी एक सेंटिमीटरला पन्नास मीटर धरून मांडायचे. मुख्य वाहिनी तांबडी, पोटवाहिन्या निळ्या. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. खाली सूची, आणि सूचीत क्रमवार, आधी काय बंद करावं आणि मग काय. प्रमाण, दिशा आणि सूची नसेल तर मी पोरांचे प्रत्येकी दोन गुण कापते. नवऱ्याचे कसे सोडणार?

वकीलबाई म्हणाल्या, सरकारचा सगळा भर प्रमाण आणि सूचीवर आहे. नुसता कच्चा कागद असता तर अधिकाऱ्याने तो चुरगाळून टाकला असता. ह्यांना आत बसवलं ते माझ्या नीटनेटकेपणाने.

हे मात्र चौकशीत म्हणतात, "नकाशा मीच काढला." पहिल्या दिवसापासून तेच सांगताहेत, अक्षर त्यांचं नाही हे आंधळ्यालाही दिसेल तरी. मी काही बोलायला गेले की शिपायाकडे बघत म्हणतात, "तू शाळेत जा." गेले पाच आठवडे मी शाळेत जातेय आणि भूगोल शिकवतेय. हक्कांचं प्रकरण यंदा घेऊ नका, असं मुख्याध्यापिका परवा हळूच म्हणाल्या. वातावरण बरं नाही म्हणे.

मला फार लाज वाटते, दादा. तुझी वाटते तेवढीच माझी.


२ मे

दादा,

हेही पत्र वकीलबाईंच्याच हाती देते. अकरा तारखेला सल्लागार मंडळासमोर सुनावणी आहे. तीन माणसांचं मंडळ, बंद दार, वकिलाला आत प्रवेश नाही. साक्षीदार आणता येतो किंवा त्याचं लेखी म्हणणं देता येतं.

मी वकीलबाईंकडे गेले आणि म्हटलं, मला साक्षीदार करा, अक्षर माझं आहे हे मी सांगते. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, एका माणसाने काढला तर तो नकाशा असतो. दोघांनी मिळून काढला तर तो कट होतो." एकाच्या जागी दोन हुकूम निघतील आणि ह्यांचं वर्ष वाढेल. म्हणजे खोटं बोलले तर नवरा आत आणि खरं बोलले तर दोघंही आत. वर्गात सत्याचा विजय होतो म्हणून शिकवायचं आणि घरी येऊन हे ऐकायचं.

तुझं दुसरं पत्र वकीलबाईंनी आणलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, म्हणून तुझं आहे हे पटेना. म्हणतोस, सूचना तोंडी होती, लेखी पुरावा नाही. मुलगा सरकारी नोकरीत आहे. निवृत्त माणसाचंही निवृत्तिवेतन थांबवतात. "माझ्या सहीचं पुढे काय करतील हे सांगता येत नाही." हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस.

मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. आधी वाटलं, चांगलं टोचून लिहावं. कर नाही ना, मग डर कशाला? मला म्हणालास तेच तुला म्हणते. पण मग जरा बसले. दादा, तू आयुष्यात कोणाला घाबरला नाहीस. पुरात पंपघरात छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलास. मंत्र्याच्या तोंडावर त्याच्या बंगल्याची जादा जोडणी तोडलीस, आणि तेव्हा तुला कोणी हात लावला नाही, कारण हात लावायचा तर कारण द्यावं लागलं असतं. आता तू घरात खुर्चीवर बसून एका खऱ्या वाक्याला घाबरतोस. तुला काही केलेलं नाही कोणी. तुझ्यावर आरोप नाही, पाळत नाही. तरी तू घाबरलास. या कायद्याने ज्यांना पकडलं त्यांच्यापेक्षा ज्यांना पकडलं नाही त्यांचंच जास्त काढून घेतलंय असं मला वाटायला लागलंय. मी हक्काचं प्रकरण शिकवणं सोडलं, तू खरं लिहिणं सोडलंस. आणि हे दोन्ही करा म्हणून कुणी लेखी हुकूम काढला नव्हता.

पाया पडणार नाही. आईच्या आठवणीही काढणार नाही, ती तुझ्याच बाजूची होती. अकरा तारीख, सकाळी दहा, जिल्हा कचेरी, दुसरा मजला. येणार असलास तर ये. नाही आलास तर मी यापुढे तुला पत्र लिहिणार नाही, आणि या वेळी नऊ वर्षांनीसुद्धा नाही.


१३ मे

दादा,

तू आला नाहीस. दहापासून दीडपर्यंत मी जिन्याकडे बघत त्या बाकावर बसले होते. आतून शिपाई बाहेर आला की उठायचे आणि पुन्हा बसायचे. दीड वाजता ह्यांना मागच्या दाराने नेलं. मनात तुला इतकं बोलले की ते लिहायला ही वही पुरणार नाही.

काल भेटीत कळलं की तुझा कागद मंडळाकडे आधीच पोचला होता. हे म्हणाले, अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला. नकाशा माझ्या तोंडी आदेशावरून तयार झाला, जबाबदारी माझी, सही, पत्ता. अध्यक्षांनी ह्यांना विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? हे म्हणाले, "माझे साहेब." नातं काही? "नाही," म्हणाले. मी ह्यांना जाळीतून विचारलं, असं का सांगितलं? म्हणाले, साहेबांनी तसं कधी म्हटलं नाही, मग मी कसं म्हणू?

तेव्हा तुला मनातल्या मनात जे बोलले ते अर्धं मागे घेते. अर्धं राहू दे, तू यायला हवं होतंस.

मंडळाने सोडायला सांगितलंय, पण अट आहे. वर्षभर पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही वाहिनीपासून, टाकीपासून किंवा व्हॉल्व्हपासून शंभर मीटरच्या आत राहायचं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत तसा पत्ता द्यायचा. पत्ता मिळाला नाही तर सुटकेचा हुकूम रद्द आणि पहिला हुकूम चालू, पुढचे दहा महिने. मी अधिकाऱ्याला विचारलं, शहरात शंभर मीटरच्या बाहेर जागा कुठे आहे? दर चौकात व्हॉल्व्ह आहे, तुमच्या ठाण्याच्या पायरीखाली आहे. तो म्हणाला, कुठे कुठे आहेत ते लेखी द्या, तपासून सांगतो. मग त्याच्याच लक्षात आलं की असं लेखी देणं हाच गुन्हा आहे. म्हणाला, देऊ नका. तुमचं तुम्ही बघा.

मी हे जाळीपाशी सांगितलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटले. शिपाई घड्याळ बघत होता. ह्यांचं बोट गुडघ्यावर हळूहळू सरकत होतं. बाजार, शाळा, इस्पितळ, उत्तरेची वस्ती, जुनी गल्ली, एकेक करून सगळं शहर हिंडून आले. मग तुझ्या गावापर्यंत जाणारी मोठी वाहिनी. चार मिनिटं गेली त्यात, दहातली चार. डोळे उघडून म्हणाले, "एकच जागा आहे. पण तिथे नको."

तुझी टेकडी, दादा. वाहिनी खालच्या वळणावर संपते, तिथून तुझं फाटक चारशे मीटर. सगळ्या जिल्ह्याला नळ दिलेस आणि स्वतः विहिरीचं पाणी पितोस, हे मला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. एकदा वर यायला मिळालं असतं तर साहेबांची जोडणी मी स्वतः करून दिली असती, म्हणाले.

मी तुला न विचारता तुझा पत्ता लिहून दिला आहे. रागव. एकटी आहे आणि वेळ नाही. हे पत्र वकीलबाई आज संध्याकाळी तुझ्या हातात देतील. शुक्रवारी सकाळी अधिकारी ह्यांना गाडीतून वर घेऊन येईल. घरमालकाची संमती समोर घ्यायची असा नियम आहे. हे गाडीतून उतरतील आणि फाटकाबाहेर उभे राहतील, तू ये म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाहीत. त्यांना खूप सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

ठेवून घेतलंस तर तुझंही नाव त्यांच्या वहीत जाईल हे तुला ठाऊक आहे. मुलाला कदाचित विचारतील. मी यातलं काही लपवत नाही, या वेळी काहीच लपवत नाही.

संमतीचा छापील कागद मी भरून दिलाय. नाव, वय, पत्ता, मुदत, सगळं माझ्या अक्षरात, कोणी ओळखलं तर ओळखू दे. ठेवून घेणाऱ्याशी नातं, असा एक रकाना आहे. तो कोरा ठेवलाय. अधिकारी म्हणाला, हाही भरा बाई. मी म्हटलं, तो माझे दादा भरतील.